मफलर एकटा जायचा नाही

माझ्या नणंदेला गल्लीतली पोरं पाचोळाबाई म्हणायची. मी पोरांवर डोळे वटारायची, पण मनातल्या मनात मीही तेच म्हणत होते. झाडांची पानं रंग बदलायला लागली की ही बाई रस्त्याने सरळ चालायचीच नाही. चार पावलं टाकली की वाकली, पान उचललं, उन्हात धरलं, टाकून दिलं. पुन्हा चार पावलं. टपाल कचेरीपासून आमचं घर दहा मिनिटांवर, पण त्या दिवसांत तेवढ्याला तास लागायचा. मी सोबत असले तर पिशवी हातात घेऊन तिष्ठत उभी.

"वन्सं, लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांनी पण एखादं उचलावं."

वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान. पण नात्याने नणंद, त्यामुळे लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला अरे-तुरे. त्यांनी लग्न केलं नाही. त्यांचा भाऊ म्हणजे माझे हे, गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मुलगा-सून नोकरीपायी लांब. राहिलो आम्ही दोघी, दोन खोल्या आणि एक खिडकी. खिडकी त्यांची, बाकी सगळं माझं, अशी वाटणी.

आता त्यांची रीत सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्या रीतीवरच झाला.

एका वर्षाचं एकच पान. रुमाल भरून पानं आणायची, खिडकीच्या कठड्यावर मांडायची आणि त्यातून एक निवडायचं. मग लोकरीचा पेटारा उघडायचा आणि त्या पानातले रंग शोधायचे. माझ्या डोळ्यांना पान पिवळं म्हणजे पिवळं. पण त्या म्हणायच्या, "पिवळं कुठाय वहिनी? हे बघ, कडेला तांबूस आहे, देठापाशी हिरवं अडकून बसलंय, आणि ह्या शिरेत तर जांभळं."

"मला पिवळंच दिसतंय."

"मग चष्मा पूस."

हे सगळं त्याच दिवशी, ऊन आहे तोवर. दिवा लावून नाही, उद्यावर ढकलून नाही. "पडलेलं पान संध्याकाळपर्यंत खरं बोलतं," असं त्यांचं म्हणणं. "दुसऱ्या दिवशी गप्प होतं. आठ दिवसांनी सगळी पानं एकसारखी खोटारडी."

रंग सापडले की पान जायचं वहीत, एका पानाला एक कोरा कागद, खाली वर्ष. आणि रंग जायचे मफलरमध्ये. त्याच लोकरीच्या चार बोटं ओळी विणायच्या आणि कडेला मणी ओवायचे. पहिल्या वर्षी एक मणी, दुसऱ्या वर्षी दोन. दहाव्या वर्षी कडेला जागा पुरेना म्हणून दहाचा एक मोठा निळा मणी ठरवला. मणी मोजले की कुठल्या वर्षाचं पान ते कळायचं. असे एकतीस पानगळींचे एकतीस तुकडे, एकाला एक जोडलेले. गळ्याभोवती तीन वेढे मारूनही टोक गुडघ्यापर्यंत यायचं. लाल संपतो न संपतो तोच शेवाळी, मग केशरी, मध्येच कुठे वांगी रंग. बुजगावण्याच्या गळ्यात घातला असता तर तेही शेत सोडून गेलं असतं. पण वन्सं तो मफलर घालून रोज कामाला जायच्या.

काम होतं भरतकामाच्या कारखान्यात. छापखान्याच्या वर एक लांब खोली, तिथे लाकडी चौकटींवर कापड ताणून बसवलेलं, आणि एकेका चौकटीभोवती बायका वाकून मणी टाकताहेत. खालून शाईचा वास, वरून नळीच्या दिव्यांची निळी उजेडपट्टी. आताच्या मालकीणबाई मॅडम, त्यांची आई होती तोवर ती स्वतः चौकटीला बसायची. तिच्यामागून मॅडम आल्या. मॅडम चौकटीला बसत नाहीत. मॅडम येऊन उभ्या राहतात, कमरेवर हात ठेवून म्हणतात, "मावशी, यंदा काय रंग घ्यायचे?" आणि मावशी म्हणजे आमच्या वन्सं सांगायच्या. ह्या फुलाला हा दोरा, त्या वेलीला तो मणी. एकतीस वर्षं सांगितलं. शाली लांब लांब गेल्या, कौतुक झालं, फोटो आले. फोटोत मॅडम. वन्संचा कधी कोपरसुद्धा आला नाही.

मी म्हणायची, "आयत्या बिळावर नागोबा आहे ती."

त्या म्हणायच्या, "रंग काय माझ्या घरचे आहेत? झाडांचे आहेत."

असं म्हणायच्या खऱ्या. पण एक शाल त्यांच्या मनात घर करून होती. एकतीस पानांची शाल, दर वर्षाचं एक पान, मण्यांनी आणि रेशमाने भरलेलं, आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव. चाळीस माणसांत नाव घेतलं तर लाजेने लाल होणारी बाई, पण ह्या एका नावापुढे त्यांना झोप नव्हती. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. उजवाही धुरकट व्हायला लागला. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांनाही कळत होतं. धीर करून त्यांनी मॅडमला विचारलं. मॅडम म्हणाल्या, "अहो मावशी, छानच! ह्या वर्षीच्या प्रदर्शनात मधोमध तीच लावू. तुमच्या नावाने."

त्या दिवशी वन्संनी येताना रस्त्यात एकही पान उचललं नाही. थेट घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, चहा कर. दोन चमचे साखर घाल." एरवी अर्धा चमचा घेतात.

आता माझी कर्तबगारी ऐका.

तीन आठवड्यांनी, दुपारची वेळ, वन्सं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेल्या. दारात मॅडम. अत्तराचा घमघमाट, हसू कानापर्यंत. "आजी, कशा आहात? मावशी नाहीत वाटतं? अगंबाई, असू दे. ती पानांची वही तेवढी हवी होती दोन दिवस. शालीची आखणी करायची आहे ना त्यांच्या."

त्यांच्या शालीची आखणी! मी एवढी फुशारले की पेटारा उघडून वही काढली, वरची धूळ पदराने पुसली आणि दोन्ही हातांनी दिली. वर म्हटलं, "सांभाळून हं, पानं चुरतात." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अवलक्षण माझं, आणि भोगणार दुसरी.

वन्सं आल्या. मी मोठ्या थाटात सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या, मफलरचा एक वेढा काढला, पुन्हा घातला.

"मी घरी नसताना का आली?" एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्या कामावर गेल्या तर मॅडमनी सांगितलं, मावशी, तुमचे डोळे आता साथ देत नाहीत, तुम्ही घरी विश्रांती घ्या. शाल पोरी करतील. वहीवरून. वन्संनी विचारलं, आणि नाव? तर म्हणे, "बघू. अहो, शेवटी कल्पना तर कारखान्याचीच असते ना."

कारखान्याची! कारखाना कधी वाकला होता का रस्त्यात? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आत्ता चप्पल घालते आणि त्या छापखान्याच्या जिन्यात उभी राहून बोंब ठोकते. वन्सं म्हणाल्या, "तू बस. तू पुष्कळ केलंस."

आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या आठ दिवसांत मला कळलं की आपण मॅडमवर जेवढ्या चिडलोय त्याच्या दुप्पट स्वतःवर चिडलोय, आणि ती चीड भांड्यांवर निघते. एक पातेलं चेपलं. वन्सं खिडकीत बसून. बाहेर पानं पडताहेत आणि ही बाई उठून एक उचलायला जात नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं. शेवटी मीच जाऊन मूठभर पानं आणून कठड्यावर ठेवली. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "ही कालची आहेत." म्हणजे बोलल्या तरी.

महिना गेला. वारं सुटलं, झाडं उघडी पडली. प्रदर्शनाला दहा दिवस उरले तेव्हा कारखान्यातली लांब वेणीवाली पोरगी धापा टाकत जिना चढून आली. वन्संनीच तिला सुई धरायला शिकवलेली.

"मावशी, घोटाळा झालाय. शाल तपकिरी झाली."

"कुठलं पान?"

"सगळी! एकतीसच्या एकतीस! मॅडम म्हणाल्या, वहीतलं पान शेजारी ठेवा आणि डोळे झाकून तस्साच दोरा लावा. आम्ही तस्साच लावला. आज शाल भिंतीवर टांगली तर... मावशी, चिखलाचे बूट घालून कुणी वरून चालत गेल्यासारखं दिसतंय."

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. "पानांवरून रंग लावले? वहीतल्या?"

"हो."

"अगं, ती मेलेली आहेत! एकतीस वर्षांपूर्वी मेलेलं पान तपकिरी नसेल तर काय असेल?" आणि ही बाई हसायला लागली. महिन्यात पहिल्यांदा. हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि मग हसणं कुठे थांबलं नि रागवणं कुठे सुरू झालं ते मलाही कळलं नाही. "मी झुरत होते की शाल सुरेख होणार आणि माझ्याविना होणार. आणि ह्यांनी काय केलं, तर मढ्यांवरून माप घेतलं! खिडकी आहे ना त्या खोलीला? एकीनेही बाहेर बघितलं नाही? झाडं तेव्हा पेटलेली होती गं!"

पोरगी मान खाली घालून म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, पानगळ म्हणजे तपकिरीच."

"आणि तुला काय वाटलं?"

"मला वाटलं... त्यांना कळत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम हजर. अत्तर तेच, हसू मात्र अर्धं. प्रदर्शनवाल्या बाई म्हणे येऊन बघून गेल्या आणि विचारलं, तुमचे ते नेहमीचे रंग कुठे गेले? बाहेर बघावं तर झाडावर पान उरलेलं नाही. मॅडम खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"मावशी, तुम्हाला आठवत असतील ना रंग? तोंडी सांगा, मी लिहून घेते."

"एकतीस वर्षांचे?" वन्सं म्हणाल्या. "सकाळी गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही मला."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "रंग सगळे आहेत. रोज तुमच्यासमोरच होते. तुम्हीच हसत होतात त्यांना."

मॅडमना कळेना. मग त्यांची नजर वन्संच्या गळ्याकडे गेली. कडेच्या मण्यांवरून सरकत सरकत गुडघ्यापर्यंत आली. ह्याच मफलरला त्यांनी सगळ्या बायकांसमोर म्हटलं होतं, मावशी, हे चिंध्यांचं गाठोडं घालून गिऱ्हाइकांपुढे येत जाऊ नका.

"अगंबाई," मॅडम म्हणाल्या, आणि हात पुढे केला. "द्या बरं. चार दिवसांत परत पाठवते."

वन्संनी मफलरचा आणखी एक वेढा मारला. "थंडी आहे," म्हणाल्या.

मॅडमनी फोन काढला, निदान फोटो तरी घेते म्हणून. फोटोत लाल आला तो टोमॅटोसारखा, आणि शेवाळी तर आलाच नाही, नुसतं काळं. फोन पर्समध्ये गेला.

"मग काय करायचं मावशी? तुम्हीच सांगा."

"मफलर एकटा जायचा नाही. जिथे मफलर तिथे मी. खिडकीपाशी खुर्ची हवी, दिवे बंद. आणि एकतिसाव्या पानाच्या शिरेवर माझं नाव, मण्यांचं. मी घालणार. कागदाच्या चिठ्ठीवर नको, कागद उडतात."

"हो हो, घाला की!" मॅडम म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मी म्हणजे शहाणपणाच्या वेळी नेमकी स्वयंपाकघरात.

पुढचे नऊ दिवस मी त्यांच्याबरोबर रोज गेले. आता दारात कुणी आलं तर देण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं, पण म्हटलं, आपण डोळ्यासमोर असलेलं बरं. वन्सं खिडकीपाशी बसल्या. सहा पोरींनी तपकिरी पानं उसवायला घेतली. एकेक पोरगी हातात दोऱ्याच्या लड्या घेऊन यायची आणि वन्संच्या गळ्याशी उभी राहायची, शिंपी माप घेतो तशी.

"अकरावं पान, मावशी."

"एक निळा, एक पांढरा. सापडलं? आता कडेची लोकर दोऱ्याला लावून बघ."

"हा?"

"मला विचारू नकोस, मला धुकं दिसतंय. तुला काय दिसतंय ते सांग."

"जरासा उजळ आहे."

"मग दुसरा आण."

मफलर एकदाही गळ्यातून निघाला नाही. उकडलं तरी नाही. शेवटच्या दिवशी एकतिसावं पान. लांब वेणीवालीने सुया ओवून दिल्या, ओळीने कापडात टोचून ठेवल्या. वन्संनी कापडाला नाक टेकवून, बोटाने चाचपत, मण्यामागे मणी टाकला. एका नावाला सकाळपासून दुपार झाली. पोरी आपापल्या सुया खाली ठेवून बघत होत्या. छापखानासुद्धा तेव्हा जेवायला थांबला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही दोघी धुतलेल्या साड्या नेसून गेलो. मोठा हॉल, पांढऱ्या भिंती, मधोमध शाल. काय सांगू! मीही ज्याला मनातल्या मनात चिंध्या म्हणत होते ते सगळं त्या भिंतीवर जळत होतं. लोक थबकत होते. शेजारी चौकटीत मजकूर लावलेला. मी चौथी शिकलेले, पण अक्षर लावून वाचते. लिहिलं होतं, डोंगरातल्या एका मुक्कामात मॅडमना ही पानगळ सुचली. डोंगरात! टपाल कचेरीसमोरचा डोंगर!

गिळलं. म्हटलं, असू दे, नाव आहे ना कापडावर. मी एकतिसावं पान शोधायला लागले. वरच्या ओळीत मोजली, खालच्या ओळीत मोजली. तीस. पुन्हा मोजली. तीस.

वन्सं शेजारी उभ्या. त्यांना लांबून नुसते रंगांचे ढग दिसत होते. "कुठे आहे गं माझं पान?" त्यांनी हळूच विचारलं.

मी शालीच्या वरच्या दांडीकडे पाहिलं. दांडीच्या टोकाशी कोपरा मागे दुमडून टाचलेला होता. एका टाचणीने.

मॅडम पाहुण्यांत होत्या. मी जाऊन विचारलं, तर त्या दातावर दात ठेवून म्हणाल्या, "अहो आजी, लांबी बसत नव्हती भिंतीवर. घडी घालावी लागली."

"नेमकी तिथेच?"

"नंतर बोलू."

नंतर! एकतीस वर्षं नंतरच चाललं होतं. मला तेव्हा काय झालं सांगता येत नाही. भिंतीशी तिकीटवालीची खुर्ची होती. ती ओढली. आवाज झाला, लोकांनी वळून बघितलं. चपला काढल्या आणि चढले. गुडघे करकरले, एक पाहुणा हात द्यायला धावला, मी म्हटलं, "हात नको, खुर्ची धरा."

"आजी, शालीला हात लावू नका!" मॅडमचा तो गोड आवाज कुठल्या कुठे गेला.

"का? तुम्ही तर वही घरून नेलीत," मी वरूनच म्हटलं. इतक्या मोठ्याने म्हटलं की दाराशी उभा असलेला माणूसही आत आला. "मीच दिली ती, माझ्या ह्या हातांनी. म्हणून टाचणीही हेच हात काढणार. हा डोंगरबिंगर काही नाही, बरं का मंडळी. ही पानं आमच्या गल्लीतली आहेत. आणि उचलणारी ती बघा, ती उभी आहे, गळ्यात मफलर घातलेली."

टाचणी निघाली. कोपरा खाली पडला, भिंतीच्या कडेबाहेर चार बोटं लोंबला. लांबी खरंच बसत नव्हती, तेवढं मॅडमचं खरं होतं. लोक पुढे सरकले. कुणीतरी मफलरकडे बघून मग शालीकडे बघितलं, मग पुन्हा मफलरकडे, आणि "अरे!" म्हणालं. लांब वेणीवाली पोरगी वन्संच्या शेजारी जाऊन उभी राहिली, मॅडम बघत असताना. उद्या तिचं काय होईल ह्याची मला अजून काळजी आहे.

मॅडम? पाहुण्यांसमोर बोलणार काय? हसल्या. ते हसू आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माफी मागितली नाही, डोंगराचा मजकूर काढला नाही. वही अजून परत आलेली नाही. वन्सं म्हणतात, राहू दे तिच्याकडे, मेलेलीच आहेत. मी राहू देणार नाही. पुढच्या सोमवारी जिन्यात जाऊन बसणार आहे, डबा घेऊन.

पण त्या दिवशी मी खुर्चीवरून उतरले, पाहुण्याने चपला पुढे सरकवल्या, आणि वन्संनी माझा दंड घट्ट धरला.

"पडली असतीस म्हणजे?"

"पडले नाही ना."

त्या शालीच्या दिशेने तोंड करून उभ्या राहिल्या. "नाव दिसतंय?"

"दिसतंय."

"लांबून?"

"दारापासून दिसेल."

"नीट आलंय का? खरं सांग."

मी चष्मा पुसला. "शेवटचं अक्षर जरा खाली घसरलंय."

"तिथे शीर वळते गं पानाची," वन्सं म्हणाल्या. "ते तसंच हवं."